चाकांवरचे बिऱ्हाड आणि हाकेवरचा शेजार

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बहुधा किवेच्या सुरात उच्चारतो. ज्याला स्वतःचे छप्पर नाही, आज येथे तर उद्या तेथे अशी ज्याची गत, त्याच्याविषयी ती योजिली जाते. परंतु अमेरिकेत हजारो निवृत्त दांपत्ये हे बिऱ्हाड आपखुशीने पाठीवर घेतात. गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीत कन्या-जावयांकडे गेलो असता ॲरिझोना राज्यातील मेसा या शहरी अशा लोकांच्या एका वसाहतीत आठ दिवस राहण्याचा योग आला. त्या मुक्कामात जे पाहिले आणि पुढे वाचनाने जे जाणले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मोटारहोम म्हणजे बसच्या घाटाचे फिरते घर. आत बिछाना, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर अशी सर्व सोय असते. गाडी उभी करून कळ दाबली की भिंतीचा एक भाग बाहेर सरकतो आणि बैठकीची खोली ऐसपैस होते. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या पाण्याची, तिसरी शौचकूपाची. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथील विनेबागो कंपनीने 1966 साली अशा गाड्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला आणि हा शौक मध्यमवर्गाच्या आटोक्यात आला. वसाहतीत प्रत्येक गाडीला आखून दिलेली जागा मिळते. तेथे वीज, नळ आणि सांडपाण्याची मोरी यांच्या जोडण्या तयारच असतात. त्या जोडल्या, गाडी समतल केली, बाहेर दोन खुर्च्या मांडल्या, की झाला संसार!

या वसाहती दक्षिणेकडे का, याचे उत्तर हवामानात आहे. मिनेसोटा, आयोवा, कॅनडातील अल्बर्टा येथे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. त्याच दिवसांत ॲरिझोनात आपल्याकडील माघासारखे सुखद ऊन असते. म्हणून ही मंडळी नोव्हेंबरच्या सुमारास येतात आणि वसंतात परततात. त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणजे हिमपक्षी असे गमतीचे नाव पडले आहे. टेक्सासच्या दक्षिण टोकाला येणाऱ्यांना ‘विंटर टेक्सन’ म्हणतात. उन्हाळ्यात मेसाचे तापमान चाळीस अंशांवर जाते आणि वसाहती ओस पडतात.

अशा बऱ्याच वसाहती 55 वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांसाठी राखलेल्या असतात. आम्ही ती वयोमर्यादा नुकतीच ओलांडली असल्यामुळे पात्र ठरलो! वृद्धांची वस्ती म्हणजे शांत, किंबहुना उदास असेल अशी आमची अटकळ होती. प्रत्यक्षात सकाळी सातपासून गजबज सुरू होई. कोणी पोहण्याच्या तलावात व्यायाम करीत आहे, कोणी सुतारकामाच्या शाळेत रंधा मारीत आहे, कोणी गोधडीसारखी रजई शिवीत आहे. पिकलबॉल या 1965 साली जन्मलेल्या खेळाची मैदाने तर क्षणभर मोकळी नसत. यांतील बहुतेक वर्ग रहिवासीच चालवितात. शिकविणारा आणि शिकणारा दोघेही सत्तरीचे. सायंकाळी अंगतपंगत. प्रत्येकाने आपापला पदार्थ आणावा आणि लांब मेजांवर मांडावा. आमच्या सौ.नी बडोद्याहून नेलेला शंकरपाळ्यांचा डबा त्या मेजावर दहा मिनिटांत रिता झाला.

परंतु आमच्या मनावर ठसली ती यापेक्षा साधी गोष्ट. आमच्या पलीकडच्या गाडीत आयोवातील एक निवृत्त शिक्षिका राहत असत. वय 78. पती वारल्यानंतर गाडी चालविणे त्यांना जमेना. म्हणून शेजाऱ्यांनी पाळीपाळीने चाक हाती घेऊन त्यांचे घर येथवर आणले. त्या रोज सकाळी आठच्या आत पुढच्या काचेवरचा पडदा वर करीत. ती शेजाऱ्यांसाठी खूण होती. पडदा वर गेला नाही तर कोणीतरी दार ठोठावणार, असा ठराव. आम्ही विचारले, “हा नियम वसाहतीचा काय?” त्या हसून म्हणाल्या, “नाही, शेजाऱ्यांचा. येथे कोणाचीच मुले जवळ नाहीत. मग आपणच एकमेकांचे व्हायचे.”

हा अनुभव केवळ आमचा नव्हे. डोरोथी व डेव्हिड काउंट्स हे मानववंशशास्त्रज्ञ दांपत्य पापुआ न्यू गिनीतील समाजाच्या अभ्यासानंतर या फिरत्या वृद्धांकडे वळले. स्वतः त्यांच्यात राहून त्यांनी लिहिलेला ग्रंथ 1996 साली प्रसिद्ध झाला. एकत्र भोजन आणि परस्परांना मदत यांतून ही माणसे आपला समाज कसा उभारतात, हे त्यांनी विस्ताराने मांडले आहे. शेजार टिकायला पिढ्या लागतात अशी आपली समजूत; येथे तो एका संध्याकाळी जुळतो, कारण जुळवावयाचा असे सर्वांनी मनोमन ठरविलेले असते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. चाकांवर राहणारा प्रत्येक जण हौसेने राहत नाही. 2008 च्या आर्थिक मंदीनंतर घराला मुकलेली आणि उतारवयात हंगामी मजुरी करीत गाडीत राहणारी माणसे जेसिका ब्रुडर या पत्रकार लेखिकेने 2017 साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकातून जगापुढे आणली. पुढे त्यावर चित्रपटही निघाला. आणि सुस्थितीतल्यांनाही एक प्रश्न चुकत नाही: हात थरथरू लागल्यावर, दृष्टी मंदावल्यावर काय? 1978 साली जो व केय पीटरसन यांनी स्थापिलेल्या ‘एस्केपीज’ या प्रवाशांच्या संघटनेने या प्रश्नाला उत्तर शोधले. टेक्सासमधील लिव्हिंगस्टन येथे सभासदांच्या पुढाकाराने असे केंद्र उभे राहिले की जेथे वृद्धाने आपली गाडी कायमची उभी करावी, स्वतःच्याच घरात राहावे, आणि जेवणखाण व शुश्रूषा यांस मदत मिळावी. घर न सोडता आधार मिळणे, याहून वार्धक्याला अधिक काय हवे?

गायकवाडांच्या राज्यात आपली कुटुंबे बडोद्यात आली, दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदली. तेव्हा एका घरचा ताप साऱ्या वाड्याला कळत असे. आज वाडे गेले, सदनिका आल्या. मुले पुण्या-मुंबईस वा सातासमुद्रापार आहेत, आणि बंद दारांमागे आईवडील दूरध्वनीची वाट पाहतात. आपण एका जागी दोनशे वर्षे राहिलो, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु शेजार जागेत नसतो, तो नित्य करण्यात असतो. यासाठी संस्था नको, वर्गणी नको. आपल्या जिन्यावर एकटे राहणारे कोण आहेत ते आजच पाहावे, आणि सकाळच्या दुधाची पिशवी दारातून उचलली गेली की नाही, एवढ्यावर नजर ठेवावी. न उचललेली दिसली तर दार ठोठवावे. इतके पुरे.