भुकेचा फोटो निघतो का?

‘आध्यात्मिक भूक’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की त्यातली भूक कधीच निघून गेलेली असते. म्हणून आज आपण अशा एका माणसाकडे बघू, ज्याने तो शब्द अक्षरशः घेतला.

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या नॉरवुडचा हा फ्रेड हॉलंड डे. घरचा श्रीमंत, पुस्तकांचा प्रकाशक, आणि फोटोग्राफी ही चित्रकलेच्या तोडीची कला आहे असा हट्ट धरणारा. १८९८ साली त्याने येशूच्या क्रूसावरच्या मरणाचे फोटो काढले आणि ख्रिस्त म्हणून स्वतःच उभा राहिला. त्यासाठी कित्येक महिने केस-दाढी वाढवली, अन्न तोडलं, अंग सुकवलं. सुमारे २५० निगेटिव्ह झाल्या. त्यातलं ‘द सेव्हन लास्ट वर्ड्स’ सर्वांत गाजलं. क्रूसावरचे सात उद्गार, सात चेहरे, एकच चौकट, डोक्यावर काट्यांचा मुकुट. आपल्या चेहऱ्यावरचे भाव स्वतःला दिसावेत म्हणून त्याने कॅमेऱ्याला आरसा लावला होता म्हणतात. हा आरसा लक्षात ठेवा.

पुष्कळ जण चिडले. आता बघा, चित्रकार शतकानुशतकं माणसं समोर बसवूनच ख्रिस्त रंगवत आले होते. मग फोटोवरच राग का? आपल्या न्यायदर्शनातलं धूर आणि अग्नीचं उदाहरण घ्या. डोंगरावर धूर दिसला की आपण अग्नीचं अनुमान करतो, कारण धूर अग्नीपासूनच निघतो. नुसतं साम्य वेगळं आणि हे नातं वेगळं. चित्राचं काम साम्यावर भागतं, फोटो मात्र धुरासारखा. समोर जो उभा होता त्याच्यावरून आलेल्या प्रकाशानेच तो उमटतो. म्हणून रंगवलेल्या ख्रिस्तात मॉडेल विरून जातो, फोटोत तो विरत नाही. तिथे श्रीयुत डे उभेच राहतात.

(आपल्याकडे हे वेगळं घडलं. फाळक्यांच्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके, तरी राम पडद्यावर आला की प्रेक्षक हात जोडत असं सांगतात. दशावतार बघितलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही.)

गंमत अशी, की त्याच वर्षी इटलीत याच्या नेमकं उलट घडलं. तुरिनला एक जुनं तागाचं वस्त्र आहे. येशूचं प्रेत त्यातच गुंडाळलं होतं अशी अनेकांची श्रद्धा. मे महिन्यात सेकोंदो पिया नावाच्या हौशी फोटोग्राफरने, पेशाने वकील, त्याचे फोटो घेतले. वस्त्रावर नुसते पुसट डाग. पण निगेटिव्ह म्हणजे उजेडाचा अंधार आणि अंधाराचा उजेड. डार्करूममध्ये काच धुतल्यावर त्या डागांतून एक शांत चेहरा वर आला. इथे कोणी नट नव्हता. लोकांना वाटलं, हाच तो धूर, अग्नी मिळाला! पुढे १९८८ मध्ये कार्बन चाचणीने वस्त्राचा काळ इ. स. १२६० ते १३९० दाखवला. तरी रांगा लागायच्या थांबल्या नाहीत.

का थांबाव्यात? योहानाच्या शुभवर्तमानातला थोमा आठवा. जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा. त्याला येशूसारखा दिसणारा कोणी नको होता, त्याला स्पर्श हवा होता. कॅमेरा नेमकं तेच आश्वासन देतो, की प्रकाशाने इथे स्पर्श केला आहे. पण आज कॅमेऱ्यासमोर जे आहे त्यालाच तो स्पर्श. विश्वास ज्याच्यावर ठेवायचा तो समोर नसतोच; असता तर विश्वास कशाला लागला असता?

म्हणून डे यांचे फोटो ख्रिस्ताचे म्हणून बघितले तर, आमच्या मते, ते थोडे नाटकी आहेत. आरशात बघून केलेली वेदना ती, तेवढी नाटकी होणारच. पण आत गेलेले गाल नाटकी नाहीत. ते महिनोन्‌महिने न जेवल्याचे आहेत. चौतिशीतला, काही कमी नसलेला माणूस कशासाठी तरी एवढा सुकला, ह्याला मात्र ही काच खरी साक्षी आहे.

आता दिवे जरा कमी करू. सातही चेहरे एकत्र पडद्यावर येतील. डावीकडून पाचवा तहानेच्या उद्गाराचा आहे, तिथे थोडं जास्त थांबू.