इरकलीवरची फुली

आजीच्या ट्रंकेत तळाशी एक काळी चंद्रकळा इरकल होती. आजी माहेरची हुक्केरीकडची, लग्न करून कोल्हापुरात आली. घरात मराठी बोलायची, पण रागावली की कानडीत. त्या इरकलीच्या पदराजवळ नक्षी होती: तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, पाळणा, रथ, आणि मधल्या जागेत चांदण्या. लाल, केशरी, हिरवा, जांभळा असे चारच रंग. लहानपणी मी तो पदर उलटून पाहिला होता, मागची बाजू कशी दिसते ते बघायला. वृंदावन मागेही तसंच होतं. गाठ नाही, लोंबणारा दोरा नाही. सुलटं कुठलं ते शेवटी काठावरून ओळखलं.

त्याच घरात दर्शनी भिंतीवर आईच्या रुखवतातली फ्रेम होती. मॅटीवर भरलेलं विलायती कौलारू घर, दारात गुलाबाचा वेल, समोर मांजराची दोन पिल्लं. आई त्याला क्रॉस स्टिच म्हणायची. आजीच्या कामाला मात्र कुणी खास नाव देत नसे, ते नुसतं ‘इरकलीवरचं काम’. ही दोन कामं दोन वेगळ्या जगांतली आहेत असं मी फार वर्षं धरून चालले होते. स्वतः सुई हातात घेतली तेव्हा कळलं की दोन्हींचं मूळ एकच आहे. कापडावर आधी काही रेखाटायचं नाही, छापायचं नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर टाका घालायचा. आजीच्या नक्षीत फुलीचा टाका होताच, आणि तिच्या माहेरी त्याला स्वतःचं नावही होतं.

त्या कामाचं नाव कसुती. कानडीत ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत, अशी त्याची फोड सांगतात. कसुतीत चार टाके आहेत. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा. कानडीत गाठीला ‘गंटु’ म्हणतात, त्यावरून हे नाव आलं असं मानतात. मुरगी हा पायऱ्यापायऱ्यांनी तिरका चढणारा टाका. नेगी हा विणल्यासारखा दिसणारा, लांब-आखूड धावदोऱ्यांचा. त्याच्या नावातच विणकाम आहे. चौथी मेंथी, म्हणजे आपली मेथी. मेथीच्या दाण्यांसारखा भरीव दिसणारा हा टाका म्हणजेच फुलीचा टाका, जगभरात क्रॉस स्टिच म्हणून ओळखला जाणारा. रेघेची नक्षी गवंतीनं आणि मुरगीनं काढायची, भरीव नक्षी नेगीनं आणि मेंथीनं.

गवंतीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आजीच्या पदराला उलट बाजू का नव्हती याचं उत्तर तिच्यात आहे. धावदोऱ्यात एक टाका वर दिसतो, पुढचा खाली जातो. शेवटपर्यंत गेल्यावर त्याच वाटेनं परत यायचं आणि राहिलेल्या फटी भरायच्या. जाताना जो टाका वर होता तो येताना खाली येतो, खालचा वर येतो. सरळ रेघेत हे कुणालाही जमेल. पण वृंदावनाला फांद्या असतात, तिथे काय करायचं? समजा मुख्य रेघेचे दोन टाके झाले, एक वर आणि एक खाली, आणि आता तीन टाक्यांची डहाळी लागली. मुख्य वाट तिथेच थांबवायची. डहाळीत शिरायचं: वर, खाली, वर. टोकाला वळून परत यायचं: खाली, वर, खाली. डहाळी दोन्ही बाजूंनी पूर्ण झाली, आणि जाऊन-येऊन टाके झाले सहा, म्हणजे सम. म्हणून मुख्य रेघेवर पुढचा टाका ठरल्याप्रमाणे वरच येतो, ताल चुकत नाही. डहाळी तीनची असो की सातची, दुप्पट केल्यावर संख्या समच होणार. आकृती सलग जोडलेली असेल तर ती कितीही गुंतागुंतीची असली तरी या रीतीनं एका दोऱ्यात, दोन्ही बाजूंनी सारखी भरता येते. गणितात हे सिद्ध करून दाखवता येतं. आमच्या आज्यांनी ते कागदावर कधी मांडलं नाही, पण त्यांच्या बोटांना ते ठाऊक होतं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं अंबारीसकट हत्ती एका दोऱ्यात फिरवून आणायचा, यात किती बुद्धी खर्च होत असेल! या कामाला ‘बायकांचा फावल्या वेळचा उद्योग’ म्हणणाऱ्यांनी एकदा सुई घेऊन बसावं.

हाच दुहेरी धावदोरा युरोपात ‘होल्बाइन टाका’ म्हणून प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकातला चित्रकार हान्स होल्बाइन यानं इंग्लंडच्या राजदरबारातल्या माणसांची चित्रं काढली आणि त्यांच्या बाह्या-कॉलरवरची काळ्या दोऱ्याची नक्षी टाका न् टाका रंगवली. टाक्याला नाव पडलं ते चित्रकाराचं. तो घालणाऱ्या बायकांची नावं तिथेही उरली नाहीत.

कसुतीच्या जुन्या वर्णनांत धारवाड, बेळगाव, विजापूर यांच्याबरोबर सांगली, मिरज, जमखंडी ही नावंही येतात. कमला डोंगरकेरी यांचं भारतीय भरतकामावरचं इंग्रजी पुस्तक १९५१ साली मुंबईत निघालं, तेव्हा हा सगळा मुलूख एकाच मुंबई राज्यात होता. कोल्हापूर संस्थानही १९४९ च्या मार्चमध्ये त्यात विलीन झालं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, धारवाड, विजापूर म्हैसूर राज्यात गेले. पुढं कसुतीला भौगोलिक मानांकन मिळालं ते कर्नाटकची म्हणून. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. धारवाड-हुबळीच्या बायकांनी ही कला जिवंत ठेवली आहे, मान त्यांचाच. पण कोल्हापुरी चपलेचं बघा. २०१९ साली तिला मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट अशा आठ जिल्ह्यांना मिळून. इरकल विणली जाते बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलला, खण येतो गुळेदगुड्डहून, आणि खपतात आमच्याकडे कागल-गडहिंग्लज-जयसिंगपूरच्या बाजारांत. माणसांचे सोयरसंबंध, कापड, चप्पल यांनी सीमा मानली नाही. कसुती मात्र आम्ही कोल्हापूरकरांनी आपण होऊन सोडून दिली.

तिच्या जागी आलं ते नमुन्याचं पुस्तक. त्यातल्या रंगीत चौकटींच्या नमुन्यांचा उगम बर्लिनमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या प्रकाशकांनी चौकटींच्या कागदावर फुलांची, प्राण्यांची चित्रं छापून ती हातानं रंगवून विकायला सुरुवात केली. एक चौकट म्हणजे एक टाका, चौकटीचा रंग तोच लोकरीचा रंग. चित्र काढता न येणाऱ्या बाईलाही मोजता येत असेल तर गुलाब भरता येऊ लागला. नमुने हजारोंनी निघाले आणि जगभर गेले. १८८६ साली तेरेझ द दिल्मों हिचा भरतकामाचा मोठा कोश निघाला. फ्रान्समधल्या म्यूलूझच्या डीएमसी कंपनीशी तिचं नाव जोडलेलं आहे. मुलींच्या शाळांतून शिवण-भरतकाम शिकवलं जाऊ लागलं तशी ही पद्धत आपल्याकडेही मुरली. पुढच्या काळात रुखवतावर मांडलेल्या फ्रेमा, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे हे सगळं याच चौकटींच्या कागदातून आलं. माझ्या आईनं फ्रेममधलं ते विलायती घर पाहिलेलं नव्हतं, तसल्या घरात कुणी राहतं का हेही तिला ठाऊक नव्हतं. पण तिनं ते मन लावून भरलं, आणि मला ती फ्रेम आजही प्रिय आहे.

आता सामानाचं सांगते. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजूला शिवणाचं सामान मिळतं, तिथे मॅटी मागितली की वारावर कापून देतात. जुन्या बायका तिला दोसुतीही म्हणतात, कारण दोन-दोन सुतं जोडीनं विणलेली असतात. मॅटी घेताना पट्टी बरोबर न्या. एका इंचात आडवी घरं किती आणि उभी किती, दोन्ही मोजा. मी एकदा न मोजता आणलेल्या कापडावर कोजागिरीचा चंद्र भरला. उभी घरं इंचाला बारा आणि आडवी चौदा होती. महिनाभराचं काम झालं आणि चंद्र उभा लांबट निघाला. नमुन्यात चूक नव्हती, मोजणीतही नव्हती, कापडच चौरस नव्हतं. आयडा कापडात ही भानगड नसते. चौदाचं आयडा म्हणजे इंचाला नेमके चौदा टाके, उभे आणि आडवे. ते महाग पडतं आणि बहुतेक बाहेरून मागवावं लागतं. कापड कुठलंही असो, आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, मॅटी आटते.

हिशेब सोपा आहे. नमुना १४० टाके रुंद आणि ९८ उंच असेल तर चौदाच्या कापडावर तो १० बाय ७ इंच होईल. चारी बाजूंनी तीन-तीन इंच सोडा, म्हणजे कापड १६ बाय १३ इंच लागेल.

दोऱ्यात आपल्याकडे अँकरची लडी सगळीकडे मिळते. आठ मीटरच्या लडीत सहा पदर असतात. चौदाच्या कापडाला दोन पदर पुरतात. सुई बोथट टोकाची, चोवीस नंबरची घ्यावी, म्हणजे कापडाचं सूत फाटत नाही. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एवढाच दोरा ओवावा. लांब दोरा घासून घासून झिजतो आणि त्याची चमक जाते. नमुने बहुतेक डीएमसीच्या नंबरांत छापलेले असतात, तेव्हा तुलनेचा तक्ता जवळ ठेवा. डीएमसीचा काळा ३१० म्हणजे अँकरचा ४०३. लाल दोरा पांढऱ्या कापडावर घालण्याआधी ओल्या रुमालात दाबून रंग जातो का बघा. आणि सगळ्यात मोठा नियम: फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला. एक जरी फुली उलटी पडली तरी उजेडात ती वेगळी चमकते.

फोनवर फोटो टाकून नमुना बनवून देणारी अॅपं आली आहेत. नातवाचा फोटो भरायचा मोह होतो, मी समजू शकते. पण ते यंत्र साठ-सत्तर रंग काढतं आणि एकेक टाका सगळीकडे विखरून टाकतं. दर टाक्याला दोरा बदलायचा, मागे गुंता वाढवायचा. हौशी माणसाची उमेद तिथे संपते. जुन्या नक्षीकारिणींनी चार रंगांत हत्ती उभा केला, त्यांच्याकडून शिकण्यासारखं जास्त आहे.

म्हणून माझ्या वहीतला एक नमुना देते. एकच रंग लागतो, हिरवा किंवा लाल. तळाशी ११ फुल्यांची ओळ. तिच्यावर मधोमध ९ ची. मग ७ फुल्यांच्या पाच ओळी; त्यातल्या मधल्या तीन ओळींत मधल्या तीन फुल्या सोडा, तो पणतीचा कोनाडा. वर पुन्हा ९ ची एक ओळ. मधोमध देठाच्या दोन फुल्या, एकीवर एक. त्यावर पानं: ५, ७, ५, ३ आणि शेंड्याला १. अठ्ठ्याहत्तर फुल्यांचं तुळशीवृंदावन तयार झालं. चौदाच्या कापडावर ते एका इंचाहून किंचित जास्त उंच होतं. बाळाच्या कुंचीवर ओळीनं पाच घालता येतात, देव्हाऱ्याच्या रुमालाच्या कोपऱ्यांत चार. सगळ्या संख्या विषम ठेवल्या की मध्य आपोआप सापडतो.

नक्षीसाठी लांब जायला नको. शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर आहे. त्याच्या जोत्याशी हत्तींची रांग आहे आणि स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत. चौकटींचा कागद घेऊन तिथे एक सकाळ बसलं तर वर्षभराचे नमुने मिळतील. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी तर जवळजवळ तयार नमुनाच आहे, ठिपक्याच्या जागी कापडाचं घर धरलं की झालं. आणि कापडासाठी तरी परदेशाकडे का बघावं? विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग लावला तेव्हापासून इचलकरंजी कापड विणते आहे. उभी-आडवी घरं नेमकी सारखी असलेली चांगली मॅटी आमच्या शेजारच्या गावात विणली जावी, ही मागणी एकेकट्या बाईनं दुकानात करून भागणार नाही. भिशी मंडळं, महिला मंडळं, बचत गट यांनी मिळून शंभर मीटरची मागणी घेऊन एखाद्या कारखानदाराकडे जावं.

आजीची ती इरकल आता आमच्याकडे नाही. आजी गेल्यावर घर आवरताना जुन्या लुगड्यांचं गाठोडं बोहारणीला गेलं, त्यात तीही गेली. बदल्यात आलेलं स्टीलचं पातेलं आईनं बरीच वर्षं वापरलं. पदरावरचा रथ कसा होता, त्याला चाकं किती होती, ते मला आठवत नाही आणि आता विचारायला कुणी नाही.

तुमच्या ट्रंकेत, माळ्यावर, सासरी-माहेरी अशी एखादी इरकल, कुंची किंवा खणाची चोळी असेल. बोहारणीला देण्याआधी ती उजेडात धरा, दोन्ही बाजू बघा. शाळेच्या मुलांचा आलेखाचा कागद घ्या आणि टाका न् टाका मोजून नक्षी त्यावर उतरवा. खाली गाव लिहा, साल माहीत असेल तर साल लिहा, आणि जिनं ती भरली तिचं नाव लिहा.