एक कोंबडी, सात गायी

तुंबुकांची मुलगी सून करून आणायची तर देज म्हणून सात गायी मोजाव्या लागतात. चेवांकडे एका कोंबडीत काम भागतं. चेवांना वाटतं, सात गायी म्हणजे जरा अतीच झालं. तुंबुकांना वाटतं, एका कोंबडीवर पोर उजवायची म्हणजे तिची किंमत ती काय राहिली! तुंबुका बापाकडून वंश मोजतात, चेवा आईकडून. चेवांचा न्याऊ नाच मुखवटे घालून होतो. तुंबुकांचा विंबुझा हा अंगात आलेल्या आजाऱ्याला बरं करण्याचा नाच. भाषाही वेगळ्या. थोडक्यात, दोन शेजारी समाजांत असावेत तेवढे फरक आहेत, आणि एकमेकांना नावं ठेवायला पुरेसा मालमसाला आहे.

आग्नेय आफ्रिकेत ही माणसं राहतात तिथून झांबिया आणि मलावी या दोन देशांची सीमा जाते. ती 1891 मध्ये ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या काळात ठरली. कोण कुठल्या जमातीचा, कोणाचे सोयरे कुठल्या गावात, असला विचार त्यामागे नव्हता. डोंगरमाथ्याचं पाणी कुठे वाहतं एवढंच पाहिलं गेलं. माथ्याच्या पश्चिमेचा पाऊस लुआंग्वा नदीला मिळतो, पूर्वेचा मलावी सरोवराला. या पन्हाळरेषेनं चेवांचे दोन भाग केले आणि तुंबुकांचेही. बऱ्याच ठिकाणी एक देश कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते डोळ्यांना कळतही नाही.

डॅनियल पोझ्नर या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाला यात आयता प्रयोग दिसला. प्रयोगशाळेत माणसांचे समाज दोन बरण्यांत भरून ठेवता येत नाहीत; इथे ते काम एका कंपनीनं शतकापूर्वीच करून ठेवलं होतं. त्यानं सीमेलगतची चार गावं निवडली. चेवांची दोन, रेषेच्या अल्याड एक आणि पल्याड एक. तुंबुकांचीही तशीच दोन. चारही गावांत त्यानं तेच प्रश्न विचारले. त्याचा निबंध 2004 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो वाचताना मी एका जागी थबकलो ते अजून आठवतं.

तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय, या प्रश्नाला दोन्ही देशांत सारखीच उत्तरं आली. तीच कोंबडी, त्याच गायी, तेच नाच. मग त्यांच्यात सोयरीक कराल का? मलावीत निम्म्याहून जास्त लोक नाही म्हणाले, झांबियात साधारण चौथाई. त्यांच्यातल्या उमेदवाराला राष्ट्राध्यक्षपदासाठी मत द्याल का? इथेही तसंच: मलावीत बहुतेकांचा नकार, झांबियात थोड्यांचा.

गावांमधलं अंतर चालत जाण्याएवढं. रक्त तेच, बोली तीच, एकमेकांविषयीच्या कुचाळक्यासुद्धा त्याच. तरी सीमेच्या एका बाजूला चेवा-तुंबुका भाऊबंद, दुसऱ्या बाजूला वैरी.

पहिला संशय अर्थात पुढाऱ्यावर जातो, आणि मलावीत त्याला जागाही आहे. हेस्टिंग्ज कामुझू बांडा तिथे 1994 पर्यंत सत्तेवर होते. त्यांनी 1968 मध्ये चिचेवा, म्हणजे चेवांची भाषा, ही राष्ट्रभाषा केली आणि तुंबुका भाषा रेडिओवरून व वर्तमानपत्रांतून हद्दपार झाली. गंमत अशी की स्वतः बांडा सभेत इंग्रजीत बोलायचे आणि शेजारी दुभाषा उभा असायचा. राजधानी झोंबाहून लिलाँग्वेला, म्हणजे चेवांच्या मुलखात, हलली. 1989 मध्ये उत्तरेकडच्या, म्हणजे तुंबुकांच्या मुलखातल्या, शिक्षकांना आपापल्या भागात परत जाण्याचा हुकूम सुटला. आपलं बिऱ्हाड, वर्ग, मुलं सोडून निघालेल्या मास्तरला जमातीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

भाषेच्या नावाकडे मात्र जरा थांबून पाहा. बांडांच्या राज्यात जिचं नाव चिचेवा झालं, तीच भाषा झांबियात न्यांजा म्हणून ओळखली जाते. न्यांजा म्हणजे तळं, सरोवर. एकीकडे भाषेच्या नावातच एका जमातीचा मालकी हक्क आला. दुसरीकडे ती पाण्याची राहिली. झांबियाच्या पूर्व प्रांतात चेवा आणि तुंबुका दोघेही ती बोलतात आणि दोघेही 'पूर्वेकडचे' ठरतात.

पण पोझ्नर पुढाऱ्यापाशी थांबत नाही. बांडांना हे करून फायदा का झाला, असं तो विचारतो, आणि उत्तर साध्या आकड्यांत देतो. त्याच्या पाहणीच्या सुमारास मलावीत चेवा 28 टक्के होते, तुंबुका 12 टक्के. झांबियात चेवा 7 आणि तुंबुका 4 टक्के. मलावीत 'आपली जमात' अशी हाक दिली की सत्तेच्या दारापर्यंत जाता येतं. झांबियात तीच हाक दिली तर हाती 7 टक्के लागतात. तेवढ्यावर फार तर एखादं मंत्रिपद मागता येईल. तिथे लढत होते ती बेम्बा, टोंगा, लोझी आणि न्यांजा अशा मोठ्या भाषागटांत. म्हणून चेवा आणि तुंबुकांनी एका गाडीत बसणंच शहाणपणाचं. 1991 मध्ये झांबियाचे राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांचा पक्ष देशभर आडवा झाला, पण पूर्व प्रांतातल्या सगळ्या जागा त्यानं राखल्या. तीन वर्षांनी मलावीत पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली, तेव्हा उत्तर चिहाना या पुढाऱ्याकडे, मध्यभाग बांडांकडे आणि दक्षिण मुलुझी या तिसऱ्या पुढाऱ्याकडे अशी सरळ वाटणी झाली.

आपल्याकडे निकालाच्या रात्री वाहिन्यांवर 'जातीय समीकरण' हा शब्द दर पाच मिनिटांनी येतो. तो ऐकताना वाटतं, जाती होत्याच, समीकरण मागून आलं. चेवा-तुंबुकांच्या बाबतीत क्रम उलटा दिसतो. फरक पूर्वापार होता. त्यातला कुठला फरक जिवंत करायचा, हे बेरजेनं ठरवलं.

पोझ्नरचं सगळं मला पटतं असं नाही. आकडे शिक्षकाला गाव सोडायला लावत नाहीत, सही लागते, आणि सही करणारा माणूस असतो. झांबियाचं फार कौतुकही करू नये. तिथे भांडण मिटलेलं नाही, ते मोठ्या गटांकडे सरकलं आहे. बेम्बा-टोंगा यांची मतांसाठीची रस्सीखेच तिथल्या कुणालाही विचारा. शिवाय सीमेवरचा गावकरी निबंध वाचून सोयरीक ठरवत नाही. त्याच्या मनातला नकार खराच असतो, उसना नसतो. मला नवल वाटतं ते याचंच: दूर राजधानीत कुणीतरी केलेली बेरीज त्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत पोचते, आणि ती बाहेरून आली आहे हे त्याला जाणवतही नाही.

नियम बदलला की बेरीजही बदलते. मलावीत 2019 ची निवडणूक न्यायालयानं रद्द केली आणि विजेत्याला निम्म्याहून जास्त मतं हवीत असं ठरवलं. आता एका प्रदेशाच्या जोरावर जिंकणं अशक्य झालं. जून 2020 मध्ये फेरनिवडणूक झाली. बांडांच्याच पक्षाचे, लिलाँग्वेकडचे लाझारस चक्वेरा आघाडी बांधून उभे राहिले. चिहानांचा जुना पक्षही त्या आघाडीत होता. मध्यभागासोबत उत्तरेनंही चक्वेरांना निवडलं. ज्या पक्षाच्या राज्यात तुंबुका भाषा रेडिओवरून गेली, त्याच पक्षाला तुंबुकांच्या मुलखानं मतं दिली. ती मोट पुढे टिकली नाही, आणि 2025 मध्ये चक्वेरा हरले.

चेवांचा राजा कलोंगा गावा उंडी दर ऑगस्टमध्ये कुलांबा नावाचा सोहळा भरवतो. त्या दिवशी मलावी आणि मोझांबिकमधून चेवा सरदार राजाला मुजरा करायला येतात, न्याऊचे मुखवटेधारी नाचतात. हा सोहळा होतो झांबियात. चेवांचा राजा राहतो तिथेच, कटेटे जिल्ह्यात.