चुकलेली गोळी कुठे थांबते?

बंगळूरच्या सर्जापूर रोडच्या सोसायट्यांत मराठी घरं बरीच. चोरीची बातमी आली की कुणीतरी विचारतंच, "घरात पिस्तूल ठेवावं का?"

अमेरिकी व्हिडिओंतलं ९ मिमी विसरा. ते बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. पोलीस आयुक्तांनी परवाना दिलाच, तर सहसा पर्याय दोन: पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर किंवा बारा बोअरची बंदूक.

रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण ६ ग्रॅमची, वेग सेकंदाला २०० मीटरच्या आसपास. ऊर्जा १२० ज्यूल. बारा बोअरचं काडतूस ३० ग्रॅम छर्रे जवळपास दुप्पट वेगानं फेकतं. ऊर्जा २,००० ज्यूलच्या घरात. छर्रे सिनेमातल्यासारखे खोलीभर पसरत नाहीत बरं का; तीन-चार मीटरवर तो मुठीएवढा पुंजकाच असतो. म्हणजे नेम इथंही धरावा लागतोच.

फ्लॅटमध्ये मात्र मला ऊर्जेपेक्षा भिंतीची काळजी वाटते. काँक्रीट दोन्ही अडवतं. जिप्समचं पार्टिशन आणि प्लायवूडचं दार अडवत नाही, आणि दारापलीकडे सामाईक पॅसेज असतो. बारीक छर्रे हलके, म्हणून अडथळ्यानंतर वेग लवकर गमावतात. जाड छर्रे आणि अखंड गोळी पुढे जातात.