शंभरातले बारा

गुडघेदुखीवर व्यायामाचा उपयोग किती, याचं उत्तर २०१५ साली एका आकड्यात मिळालं होतं : १२. वैद्यकीय चाचण्यांचा ताळेबंद मांडणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी ५४ चाचण्या तपासल्या. दुखणं ० ते १०० अशा पट्टीवर मोजलं, तर व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं इतरांपेक्षा सरासरी १२ गुणांनी कमी निघालं. २०२४ च्या डिसेंबरात त्याच आढाव्याची नवी आवृत्ती आली. चाचण्या आता १३९ आणि रुग्ण १२,४६८. व्यायामाऐवजी नुसती विचारपूस किंवा लुटुपुटीचा उपचार मिळालेल्यांशी तुलना केली तर फरक ८.७ गुणांचा, काहीच न करणाऱ्यांशी केली तर १३ च्या किंचित वर. रुग्णाला फरक खरोखर जाणवायला साधारण १२ गुण लागतात, असं अभ्यासकांनी धरलं होतं. म्हणजे एका कसोटीवर व्यायाम काठावर पास, दुसरीवर नापास.

मग व्यायामाचे बारा वाजले म्हणायचं का? तसं म्हणण्याआधी शेजारच्या रकान्यांत डोकवायला हवं. ‘अंग दुखतंय, एक गोळी घे’ म्हणून आपण सर्रास घेतो त्या पॅरासिटामॉलचा गुडघा आणि खुब्याच्या झिजेवरचा आकडा कॉक्रेनच्याच २०१९ च्या आढाव्यात आहे : लुटुपुटीच्या गोळीपेक्षा ३ गुणांचा फरक. १५२ चाचण्या आणि १७,४३१ रुग्णांचा २०२३ मधला एक अभ्यास व्यायामाला वेदनाशामक गोळ्यांच्या शेजारी उभा करतो आणि सांगतो, दुखणं कमी करण्यात दोन्ही जवळपास सारखेच. फरक एवढाच की वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचं बिल जठर आणि मूत्रपिंडं भरतात.

आता हे दुखणं किती जणांचं, ते पाहू. ‘संधिवात’ हा शब्द आपण सगळ्याच सांधेदुखीला लावतो, पण इथे बोलतो आहोत ते ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल, म्हणजे वयाबरोबर सांध्यात होणाऱ्या बदलांबद्दल. भारतात १९९० मध्ये याचे अंदाजे २ कोटी ३५ लाख रुग्ण होते, २०१९ मध्ये ६ कोटी २३ लाख. अडीच पटीहून जास्त. आकडा घाबरवणारा आहे. पण वय आणि लोकसंख्येचा फरक वजा केला, तर दर लाखामागचं प्रमाण ४,८९५ वरून ५,३१३ वर गेलेलं दिसतं. वाढ आहे, पण बरीचशी वाढ आपण जास्त जगू लागलो याची आहे. २०१६ च्या एका अभ्यासात पुण्यासह पाच ठिकाणी चाळिशीपुढच्या लोकांचे गुडघे तपासले, तेव्हा २८.७ टक्क्यांना झीज निघाली. त्याच्याही आधी, १९९६ पासून, डॉ. अरविंद चोप्रा यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली होती. तिथे सांध्यांच्या-स्नायूंच्या दुखण्याचे रुग्ण प्रौढांमध्ये १८.२ टक्के होते. भिगवणला आपण फ्लेमिंगो बघायला जातो. तिथल्या माणसांच्या गुडघ्यांची मोजणी जगभरच्या शोधनिबंधांत उद्धृत होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

या सगळ्यात खोट आहे ती ‘झीज’ या शब्दात. झीज म्हटलं की डोळ्यांपुढे गाडीचा टायर येतो. टायर वापरला की झिजतो, म्हणून वापर कमी करा. मग ‘जिने चढू नका’, ‘मांडी घालू नका’, ‘वंगण संपलंय, आता जपा’ असे सल्ले घरोघर मिळतात. सांधा मात्र टायर नव्हे. सांध्यात हाडांच्या टोकांवर असणाऱ्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते दाब पडला-सुटला की आत-बाहेर होणाऱ्या द्रवातून. स्पंजसारखं. दाबच पडला नाही तर स्पंज कोरडा राहतो. हौशी धावपटूंवरच्या अभ्यासांची २०१७ मध्ये गोळाबेरीज झाली. त्यांच्यात खुबा-गुडघ्याच्या या आजाराचं प्रमाण ३.५ टक्के होतं, तर बैठ्या माणसांत १०.२ टक्के. (स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत १३.३ टक्के, अति तिथे माती आहेच.) मुळात निरोगी गुडघ्याचे लोकच धावत राहतात, हा आक्षेप रास्त आहे आणि या आकड्यांतून तो पुरता धुऊन निघत नाही. तरीही वापरानं सांधा संपतो, या समजुतीला हे आकडे आधार देत नाहीत.

भार किती पडतो, हेही मोजलेलं आहे. बर्लिनच्या संशोधकांनी पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांतच संवेदक बसवले आणि २०१० मध्ये आकडे दिले. सपाट जमिनीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २.६ पट भार येतो, खुर्चीतून उठताना जवळपास अडीच पट, जिना चढताना ३.२ पट, आणि उतरताना ३.५ पट. ६५ किलो वजनाच्या बाई जिना उतरतात तेव्हा गुडघ्यावर सुमारे २२५ किलो. चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं, ही तक्रार त्यांच्या मनाची नाही. उतरताना शरीर खाली येत असतं आणि त्याला लगाम घालतात ते मांडीच्या पुढचे स्नायू. ते कमजोर असतील तर धक्का थेट सांध्यावर जातो. फिजिओ पहिल्या दिवशी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला लावतात, पाच सेकंद धरायला सांगतात, ते याचसाठी. रुग्णाला वाटतं, एवढ्या फीमध्ये हे एवढंसं? पण तो लगामच तयार होत असतो.

आणि वजन. जास्त वजनाच्या, गुडघे दुखणाऱ्या प्रौढांवरच्या २००५ च्या अमेरिकन अभ्यासातून निघालेलं गणित असं की एक किलो घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं घटतो. पाच किलो कमी करून दिवसाला तीन हजार पावलं चाललात, तर एकेका गुडघ्याच्या वाट्याला दीड हजार पावलं येतात आणि दिवसभरात तीस टनांचा भार वाचतो. पण या बाबतीत व्यायाम एकटा दुबळा. ४५४ जणांच्या २०१३ मधल्या चाचणीत दीड वर्षात नुसत्या व्यायामानं १.८ किलो गेलं, नुसत्या आहारानं ८.९, आणि दोन्ही मिळून १०.६. दुखणंही दोन्ही करणाऱ्यांचंच सर्वांत कमी झालं. ताटाकडे न बघता मी रोज फिरतो म्हणणाऱ्यांनी हा १.८ लक्षात ठेवावा.

इंजेक्शनचं काय? गुडघ्यात स्टेरॉइड टोचणं आणि फिजिओथेरपी यांची १५६ रुग्णांवर केलेली थेट तुलना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. २४० गुणांच्या पट्टीवर (आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त) दोन्ही गट १०८ च्या आसपास होते. वर्षानंतर इंजेक्शनवाले ५५.८ वर आले, फिजिओथेरपीवाले ३७ वर.

शस्त्रक्रियेपुढे मात्र व्यायामाला मान झुकवावी लागते, आणि व्यायामाच्या समर्थकांनी ते लपवू नये. डेन्मार्कमधल्या १०० रुग्णांच्या २०१५ च्या चाचणीत गुडघा बदलून नंतर व्यायाम केलेल्यांना १०० पैकी ३२.५ गुणांचा फायदा झाला. व्यायाम, आहार, गोळ्या एवढ्यावरच थांबलेल्यांना १६ चा. दुप्पट. पण गंभीर गुंतागुंतीही पहिल्या गटात २४, दुसऱ्यात ६. आणि दुसऱ्या गटातल्या ७४ टक्के लोकांना वर्षभरात गुडघा बदलावा लागलाच नाही. हे सगळे रुग्ण शस्त्रक्रियेला योग्य ठरलेलेच होते! केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमी वापरला जाणारा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. त्यावर कर, रुग्णालय, भूल आणि फिजिओथेरपी वेगळी. होय, गुडघा बदलला तरी फिजिओ सुटत नाही.

व्यायामाचा खरा दुबळेपणा त्या बारा गुणांत नाही, त्यांच्या आयुष्यात आहे. २०१५ च्या आढाव्यात दोन ते सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा १२ चे ६ झाले होते. औषध थांबवलं की असर ओसरतो, तसंच. यावर उपाय म्हणून जिममध्ये जाऊन जड वजनं उचलायची गरज नाही. ३७७ जणांवर दीड वर्ष चाललेल्या २०२१ च्या चाचणीत जड आणि हलक्या वजनांच्या व्यायामांत दुखण्याच्या बाबतीत फरक पडला नाही. व्यायाम करताना थोडं दुखलं म्हणून लगेच सोडायचंही नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चाललेल्या गुडघा-खुब्याच्या व्यायाम कार्यक्रमात १० पैकी ५ पर्यंतचं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या पातळीवर उतरलेलं असलं म्हणजे झालं. उतरलं नसेल तर प्रमाण कमी करायचं, बंद नाही. सांधा लाल, गरम, एकाएकी सुजलेला असेल, ताप असेल किंवा पायावर भारच देता येत नसेल, तर ही आकडेमोड बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे.

हे वाचून झाल्यावर एक करा. हात नसलेली, साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते कुणाला तरी मोजायला सांगा. तोल जात असेल तर एकट्यानं करू नका. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाचा आकडा १४ पेक्षा कमी आला, तर तो सरासरीच्या खाली. त्याच वयाच्या स्त्रीसाठी ही रेघ १२ वर आहे.