फक्त अजून एकदा!

होस्टेलचं वायफाय गेलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आधी कॉरिडॉरमधून एक सामुदायिक "अरेऽऽ" ऐकू येतं. मग पाच मिनिटं राउटरच्या नावाने शिमगा. आणि मग हळूहळू सगळं शांत... कारण प्रत्येकीच्या मोबाईलवर तो छोटासा करड्या रंगाचा डायनोसॉर धावायला लागलेला असतो!

क्रोम ब्राउझरमधला हा गेम माहीत नाही असा प्राणी आपल्या कॉलेजात शोधून सापडणार नाही. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाताना इगतपुरी सोडली, घाटातले बोगदे सुरू झाले आणि रेंज गेली, की अर्धा डबा निवडुंगावरून उड्या मारत असतो. बरं, या गेममध्ये आहे काय? ना लेव्हल, ना स्टोरी, ना जिंकणं. एकच काम, स्क्रीनवर बोट टेकवून उडी मारायची. निवडुंगाला धडकलात की खेळ खलास. पहिल्या दहा मिनिटांत चिडचिड होते, तरी फोन हातातून सुटत नाही. असं का होतं, हे या लेखात सांगायचा प्रयत्न करते आहे. (मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळावर!)

आधी थोडा इतिहास

हा गेम २०१४ साली क्रोममध्ये आला. कल्पना अशी, की इंटरनेट नाही म्हणजे माणूस थेट डायनोसॉरच्या काळात जाऊन पडला. बनवणाऱ्यांनी प्रोजेक्टला नाव दिलं होतं 'बोलन', टी. रेक्स नावाच्या ब्रिटिश बँडचा गायक मार्क बोलन याच्यावरून. २०१८ साली गूगलने सांगितलं, की हा गेम महिन्याला सुमारे २७ कोटी वेळा खेळला जातो आणि जास्तीत जास्त खेळाडू जिथे डेटा महाग किंवा बेभरवशाचा आहे अशा देशांतले आहेत. त्या यादीत ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया यांच्याबरोबर भारताचं नाव होतं. म्हणजे या एका विषयात आपण जागतिक मेरिट लिस्टमध्ये आलो म्हणायचं! शाळा आणि ऑफिसांतून तक्रारी आल्या, की मुलं आणि कर्मचारी कामं सोडून हेच खेळतात. शेवटी गूगलला तो बंद करायची सोय अ‍ॅडमिनना द्यावी लागली. (रेक्टर मॅडम, हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा.)

आतलं मशीन

क्रोमियमचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे डायनोसॉरचं पोस्टमॉर्टेम करता येतं. कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये सुरुवातीचा वेग ६ आणि कमाल वेग १३. दर फ्रेमला तो ०.००१ ने वाढतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ६ वरून १३ वर जायला लागतात ७००० फ्रेम, म्हणजे जेमतेम दोन मिनिटं. त्यानंतर वेग वाढतच नाही! उडणारा टेरोडॅक्टिल वेग ८.५ झाल्यावर, म्हणजे साधारण ४५० स्कोअरनंतर येतो. दर १०० ला 'बीप' वाजतो. ७०० ला रात्र होते. आणि आऊट झाल्यावर? पुन्हा बोट टेकवा, लगेच सुरू. लोडिंग नाही, जाहिरात नाही, "आर यू शुअर?" सुद्धा नाही.

म्हणजे आपल्याला वाटतं तसा गेम कठीण-कठीण होत जात नाही. दोन मिनिटांनंतर त्याच्याकडे फारसं नवीन काही उरत नाही. उरतो तो फक्त आपला चुकण्याचा दर. आणि इथेच आपलं एम-थ्री मदतीला येतं.

ज्योमेट्रिक डिस्ट्रिब्युशनचा उपयोग (अखेर सापडला!)

सोपं धरू, की दर अडथळ्याला आऊट व्हायची शक्यता १० टक्के आहे. मग सरासरी ९ अडथळे पार होतील. पण सरासरी जाऊ द्या, पसारा बघा. पहिल्याच निवडुंगाला मरायची शक्यता १० टक्के. आणि २० किंवा जास्त पार करायची? ०.९ चा विसावा घात, म्हणजे १२ टक्के. हात तोच, रात्र तीच, बोटांचं कसब तेच, तरी शून्य आणि वीस जवळजवळ सारख्याच वेळा येणार. शून्य आलं की आपण म्हणतो "लक्ष नव्हतं", वीस आलं की म्हणतो "आता हात बसला". खरं तर दोन्ही वेळा काहीच बदललेलं नसतं.

याहून मोठी फसवणूक हाय स्कोअरची. माझी रूम पार्टनर (नाव सांगितलं तर ती मला रूमबाहेर काढेल) पीएलमध्ये रात्री दीड वाजता म्हणाली, "अगं, हाय स्कोअर वाढतोय ना, म्हणजे सुधारणा होतेय. फक्त अजून एकदा!" दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पेपर. तिचं वाक्य तर्काला धरून वाटतं, म्हणून मी कागदावर आकडेमोड केली. चुकण्याचा दर १० टक्केच ठेवला, म्हणजे खेळाडू काडीचंही शिकत नाही असं धरलं. तरी १० डावांतला सर्वोत्तम स्कोअर सरासरी २७ अडथळे येतो. १०० डावांतला ४९. १००० डावांतला ७०.

बघा गंमत! काहीही न शिकता रेकॉर्ड वाढतच जातो, कारण रेकॉर्ड कधी खाली येत नाही. तो तुमचं कसब दाखवत नाही, तुम्ही किती डाव खेळलात ते दाखवतो. आणि किंमत? एक डाव सरासरी १५ सेकंदांचा धरा. २७ गाठायला अडीच मिनिटं. ४९ गाठायला पंचवीस मिनिटं. ७० गाठायला चार तास दहा मिनिटं. म्हणजे पहिले २७ जवळजवळ फुकटात, आणि शेवटचे २१ मिळवायला पावणेचार तास, अख्खी रात्र! दीड वाजता "अजून एकदा" म्हणणाऱ्याला हेच माहीत नसतं, की वाढ होणार हे खरं आहे, पण ती आता रात्रीच्या भावाने होणार आहे.

आता उलट बाजू. चुकण्याचा दर १० वरून ५ टक्क्यांवर आणला तर? सरासरी ९ वरून थेट १९. आणि फक्त १० डावांतला सर्वोत्तम स्कोअर ५७ च्या आसपास, म्हणजे पेंगुळलेल्या हाताच्या १०० डावांपेक्षा जास्त. नजर डायनोसॉरवर न ठेवता उजवीकडून येणाऱ्या निवडुंगावर ठेवणं, झोप झालेली असणं, यांनी दर कमी होतो. एकाच दराने शंभर वेळा आपटून होत नाही.

पण मन ऐकत का नाही?

मानसशास्त्रात स्किनर यांचं नाव प्रसिद्ध आहे. बक्षीस किती वेळा चोच मारल्यावर मिळेल ते नक्की नसेल, तर कबूतर न थकता चोच मारत राहतं, असं त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. आपला पुढचा डाव ३ चा की ३० चा हे असंच अनिश्चित असतं. दुसरी गोष्ट, 'थोडक्यात हुकणं'. केंब्रिजमधल्या संशोधकांनी २००९ साली जुगाराच्या यंत्रासारखा खेळ देऊन मेंदूची चित्रं घेतली. थोडक्यात हरल्यावर लोकांना वाईट वाटत होतं, पण मेंदूतले बक्षिसाशी संबंधित भाग जिंकल्यासारखेच जागे होत होते. आणि स्वतःच्या हाताने निवड केली असेल, तर पुन्हा खेळायची इच्छाही वाढत होती. डायनोसॉरमध्ये तर सगळंच आपल्या बोटावर! प्रत्येक मरण 'एका क्षणाने हुकलं' असंच वाटतं.

याचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे हनोईचा डाँग न्युएन. त्याने काही दिवसांत बनवलेला 'फ्लॅपी बर्ड' मे २०१३ मध्ये आला आणि जानेवारी २०१४ मध्ये अ‍ॅप स्टोअरच्या अग्रस्थानी पोहोचला. जाहिरातींतून दिवसाला ५० हजार डॉलर मिळतात असं तेव्हा छापून आलं. आणि फेब्रुवारीत त्याने जाहीर केलं, की २२ तासांनी गेम काढून घेतो. काढलाही! चार घटका विरंगुळ्यासाठी केलेल्या खेळाचं लोकांना व्यसन लागलं, शिवाय आपलीही झोप उडाली, असं कारण त्याने दिलं.

मग करायचं काय?

गेम डिलीट करा असा उपदेश मी करणार नाही. क्रोममधून तो निघत नाही, आणि मलाही तो आवडतो. दोनतीन गोष्टी मात्र हिशोबातून निघतात. बघायचाच असेल तर हाय स्कोअर न बघता दहा डावांची सरासरी बघा. ती वाढत नसेल तर हात थकलाय. थांबायचं ते घड्याळ बघून ठरवा. "रेकॉर्ड मोडला की झोपते" या वाक्याला वरची मर्यादाच नाही. आणि "वीस डाव वाईट गेले, आता तरी चांगला येईलच" हे मनातून काढा. ज्योमेट्रिक डिस्ट्रिब्युशनला स्मरणशक्ती नसते. व्हायवाला विचारतात ते हेच!

शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. पीएलमध्ये गेम जिंकतो तो अभ्यासापेक्षा जास्त मजेदार असतो म्हणून नाही, तर तो सुरू करायला काहीच लागत नाही म्हणून. पुस्तक शोधा, वही काढा, कुठे होतो ते आठवा, तोवर डायनोसॉरच्या पाच उड्या होतात. म्हणून हल्ली आम्ही दोघी झोपताना एक न्यूमेरिकल मुद्दाम अर्धवट सोडतो. वही उघडी, पेन मध्ये, कॅल्क्युलेटर बाजूला. सकाळी बसलं की पुढची ओळ लिहायची, बस्स. बीप वाजत नाही एवढीच उणीव. पण परवा पार्टनरने एका बैठकीत सहा गणितं सोडवली आणि सातव्याला माझ्याकडे न बघताच म्हणाली, "थांब गं, फक्त अजून एक!"