घाईपेक्षा राग घातक
मार्चअखेर आली की वैजापूरच्या आमच्या ओपीडीत वसुलीने, हिशेबाने त्रासलेले नोकरदार दिसू लागतात. काम तेच, पण एकाचा रक्तदाब घरी पोचेपर्यंत उतरतो, दुसऱ्याचा साहेबांचे बोलणे आठवून रात्रीही चढलेला राहतो. १९५९ मध्ये फ्रीडमन व रोझेनमन या अमेरिकी हृदयतज्ज्ञांनी सतत घाईच्या, चढाओढीच्या स्वभावाचा हृदयविकाराशी संबंध मांडला. पुढील अभ्यासांत घाईपेक्षा मनात धुमसणारा राग जास्त घातक दिसला. रागाने अ‍ॅड्रेनालिन वाढते, नाडी धावते, रक्तदाब चढतो. स्वभावाला औषध नाही म्हणतात. पण कामानंतर अर्धा तास चालणे, मनातले घरी बोलणे जमू शकते. मात्र छातीत दाब, घाम, हातात कळ आली, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून थांबू नका. लगेच रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा.